उजेड किती, यापेक्षा उजेड कुठे

गळीत हंगाम सुरू झाला की अहिल्यानगर जिल्ह्यातील रस्त्यांचे रूप पालटते. प्रवरा आणि गोदावरीच्या कालव्यांखालील पट्ट्यात, म्हणजे संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, कोपरगाव, राहुरी, नेवासे या भागांत उसाने भरलेल्या दुहेरी ट्रॉल्या आणि बैलांच्या टायरगाड्या रात्रंदिवस कारखान्यांच्या वाटेला लागतात. याच महिन्यांत पहाटे भिजल्या शेतांवरून धुई उठते आणि रस्त्यावर येऊन बसते. पुढच्या ट्रॉलीला मागे तांबडा दिवा नसतो; असलाच तर तो लोंबणाऱ्या वाढ्यांखाली झाकलेला असतो. त्यातच समोरच्या वाहनाचा प्रखर झोत थेट डोळ्यांत शिरतो. एखाद्या वेळी अपघात थोडक्यात टळतो, आणि मोटारीच्या मालकाला वाटते की आपल्याच गाडीचे दिवे कमी पडतात. दुसऱ्या दिवशी तो दुकानात जाऊन जास्त वॅटचे बल्ब बसवून घेतो. बहुतेक वेळा चूक होते ती येथेच.

हेडलाइटचे काम रस्त्यावर जास्तीत जास्त प्रकाश ओतण्याचे नाही. जेथे चालकाला पाहायचे आहे तेथे प्रकाश टाकणे आणि समोरच्याच्या डोळ्यांपासून तो दूर ठेवणे, अशी दोन कामे हा दिवा एकाच वेळी करतो. दुसरे काम बिघडले की पहिल्याचाही उपयोग राहत नाही. कारण अरुंद रस्त्यावर आंधळा झालेला समोरचा चालक हा आपल्याच दिशेने येत असतो.

डिपरची पोहोच आणि गाडीचा वेग

रोजच्या बोलण्यात ज्यांना अप्पर आणि डिपर म्हणतात, त्या दोन झोतांच्या पोहोचेत मोठा फरक असतो. सुस्थितीतील डिपरमध्ये गडद कपड्यांतील पादचारी किंवा दिवा नसलेली गाडी साधारण ४० ते ६० मीटरवर ओळखू येते. अप्परमध्ये हे अंतर १०० मीटरच्या पुढे जाते. आता गाडी थांबायला किती अंतर लागते ते पाहावे. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरला आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर ब्रेक चांगले लागतात असे मानले, तर ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार सुमारे ४८ मीटरमध्ये थांबते. ताशी ८० ला हेच अंतर ७४ मीटर, ताशी १०० ला १०६ मीटर आणि ताशी १२० ला तब्बल १४३ मीटर होते. रस्ता ओला असेल तर ताशी ६० लाच ६० मीटर लागतात.

याचा अर्थ सरळ आहे. केवळ डिपरवर ताशी ६० पेक्षा अधिक वेगाने धावणारा चालक, दिसलेल्या वस्तूपूर्वी गाडी थांबवू शकेलच असे नाही. नगर-मनमाड किंवा पुणे-नाशिक रस्त्यावर रात्री ८०-९० चा वेग कोणाला विशेष वाटत नाही. परंतु त्या वेगात चालक दिव्याच्या भरवशावर नसतो, तर पुढे काही नसेल या अंदाजावर असतो. समृद्धी महामार्गावर हा मुद्दा अधिकच तीव्र होतो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, तर जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस मिळाला. मोटारींना ताशी १२० ची मर्यादा असलेल्या या रस्त्यावर डिपरचा उजेड थांबण्याच्या अंतराच्या निम्म्यालाही पुरत नाही. तेथे दोन्ही बाजूंच्या वाहतुकीत दुभाजक आहे. म्हणून पुढे वाहन नसताना अप्पर वापरणे योग्यच ठरते. पुढे वाहन दिसले की मात्र डिपर द्यायला हवा. अनेकांना वाटते की समोरून कोणी येत नाही, मग अप्पर चालेल. पण पुढच्या गाडीच्या आरशांतून तोच झोत तिच्या चालकाच्या डोळ्यांत जातो.

अप्परचा सरसकट निषेध करण्यात अर्थ नाही. पाथर्डी-शेवगावकडील किंवा अकोल्याच्या आडवाटेच्या निर्मनुष्य रस्त्यावर अप्पर न वापरणे हाच धोका आहे. ऊसपट्ट्यात बिबट्या रस्ता ओलांडताना त्याचे डोळे आधी चमकतात, ते अप्परच्या उजेडातच. प्रश्न आहे तो समोर दिवा दिसताच हात कांडीकडे जातो की नाही, याचा. आपल्याकडे समोरच्याने डिपर दिल्याशिवाय आपण द्यायचा नाही, अशी एक चमत्कारिक मानापमानाची रीत पडली आहे. त्यात दोघेही काही सेकंद आंधळे होतात. तीव्र झोत डोळ्यांवर पडल्यानंतर दृष्टी पूर्ववत व्हायला तीन सेकंद लागले असे धरले, तरी ताशी ६० च्या वेगात गाडी तेवढ्यात ५० मीटर गेलेली असते. वय वाढते तसा हा काळही वाढतो. समोरचा ऐकत नसेल तर त्याच्या दिव्याकडे न पाहता रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवावी आणि वेग कमी करावा. उलट अप्पर मारून त्याला धडा शिकवण्याने रस्ता अधिक दिसत नाही.

दिव्याची उघडझाप हा आणखी एक गोंधळाचा विषय. काही चालक ती ‘तुम्ही आधी या’ अशा अर्थाने करतात. आपल्या महामार्गांवर तिचा अर्थ बहुधा ‘मी येतो आहे, थांबा’ असाच असतो. अरुंद पुलावर हा अर्थ चुकला तर काय होईल हे सांगायला नको. चंदनापुरी, करंजी, इमामपूर यांसारख्या घाटांत आंधळ्या वळणाआधी एकदा अप्पर-डिपर करणे उपयोगी असते. कारण गाडी दिसण्याआधी तिचा उजेड कड्यावर दिसतो. चढ चढणाऱ्या गाडीचा झोत मात्र मुळातच वर रोखलेला असतो. त्यामुळे चढावर डिपर जरा आधीच दिलेला बरा.

धुक्यात अप्पर का चालत नाही

पावसाळ्यात अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, भंडारदरा-घाटघरच्या बाजूला, ढगच रस्त्यावर उतरतात. कल्याणकडे निघालेल्या नगरकराला माळशेज घाटात हाच अनुभव येतो. समोर काही दिसेना म्हणून चालक अप्पर लावतो आणि गाडीपुढे पांढरी भिंत उभी राहते. धुके म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब. अप्परचा झोत डोळ्यांच्या उंचीवरच्या असंख्य थेंबांवर आदळतो आणि त्यातला बराचसा उजेड परत चालकाकडेच येतो. दिवा जितका प्रखर, तितकी ही भिंत दाट. डिपरचा झोत खाली वळलेला असल्याने परतणारा उजेड कमी होतो. म्हणून धुक्यात डिपरच लावायचा, हा नियम जुन्या ट्रकचालकांनी अनुभवाने केव्हाच स्वीकारलेला आहे.

फॉगलॅम्प याच तत्त्वाची पुढची पायरी आहे. तो बंपरमध्ये खाली बसवलेला असतो. त्याचा झोत रुंद आणि चपटा असतो आणि वरची कड कापल्यासारखी असते. जमिनीलगत धुक्याचा थर बऱ्याचदा विरळ असतो. त्याखालून हा उजेड रस्त्याच्या दोन्ही कडा दाखवतो. दूरचे दाखवणे हे त्याचे काम नव्हेच. म्हणून फॉगलॅम्प लावले की वेग वाढवता येतो, ही समजूत घातक आहे. ते लावून ताशी २०-३० ने सावकाश, साइडपट्टीच्या आधाराने पुढे सरकायचे असते. ३० मीटरपर्यंतच दिसत असेल, तर ओल्या रस्त्यावर ताशी ४० च्या आत राहावे लागते. आणि समोरूनही गाडी येऊ शकेल असा एकेरी डांबरी रस्ता असेल, तर दोघांना मिळून ते ३० मीटर असतात. तेथे २० ते २५ च्या वर जाण्यात शहाणपण नाही.

पिवळा दिवा धुके भेदून जातो, असे आजही अनेक दुकानांत ठासून सांगितले जाते. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप मोठे असल्याने ते पांढरा आणि पिवळा दोन्ही प्रकाश जवळपास सारखाच विखुरतात. फ्रान्समध्ये १९३६ पासून १९९३ पर्यंत मोटारींना पिवळे हेडलाइट सक्तीचे होते. पुढे युरोपातील इतर देशांप्रमाणे तेथेही पांढरे आले. पिवळा प्रकाश काहींच्या डोळ्यांना कमी बोचतो, एवढे मात्र खरे आहे. निळसर पांढऱ्या दिव्यांपेक्षा तो पावसात सुखावह वाटतो. फॉगलॅम्पची उपयुक्तता त्याच्या उंचीवर आणि झोताच्या आकारावर असते. रंगाचा क्रमांक त्यानंतर लागतो.

धुके नसताना फॉगलॅम्प लावून हिंडण्याची हौस शहरात हल्ली फार दिसते. जवळचा रस्ता लख्ख उजळला की डोळ्याची बाहुली आकुंचते आणि दूरचा अंधार अधिक गडद होतो. चालकाला वाटते भरपूर दिसते आहे. प्रत्यक्षात दिसते ते गाडीपुढचे दहा-पंधरा मीटर. मागचा लाल फॉगलॅम्प, ज्या गाड्यांना तो असतो, तो तर स्वच्छ हवेत लावूच नये. मागून येणाऱ्याला तो ब्रेकचा दिवा वाटतो आणि खरा ब्रेक लागला तरी फरक कळत नाही.

नव्या मोटारींनी दोन नवे सापळे आणले आहेत. दिवसा आपोआप लागणारे पुढचे दिवे सुरू असले की चालकाला वाटते दिवे लागले. परंतु पुष्कळ गाड्यांत त्यासोबत मागचे लाल दिवे लागत नाहीत. सकाळच्या धुक्यात अशी गाडी मागून दिसतच नाही. दुसरा सापळा ‘ऑटो’चा. हेडलाइट आपोआप लावणारा संवेदक भोवतीचा उजेड मोजतो, धुके मोजत नाही. सकाळी आठ वाजताच्या पांढऱ्या धुक्यात त्याच्या दृष्टीने भरपूर उजेड असतो. अशा वेळी हाताने डिपर लावावा लागतो. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावून ठेवण्याची सवयही सोडायला हवी. वळायचे असेल तेव्हा मागच्याला ते कळणार कसे? ते थांबलेल्या गाडीसाठी आहेत. धुके सहनच होत नसेल तर रस्त्याच्या कडेला नव्हे, पेट्रोलपंपाच्या किंवा ढाब्याच्या आवारात पूर्ण आत जाऊन थांबावे.

भंडारदऱ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. पावसाच्या तोंडावर तेथे काजवे पाहायला मोटारींची रीघ लागते. काजवे परस्परांना साद घालतात ती प्रकाशानेच. अप्परच्या झोतात ती साद बुडून जाते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात थांबल्यावर हेडलाइट बंद करणे हा तेथला साधा शिष्टाचार आहे.

कायदा आणि दुकान

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०५ नुसार सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत, तसेच पुरेसा उजेड नसेल अशा कोणत्याही वेळी, वाहनाचे दिवे लागलेले असणे बंधनकारक आहे. पुढील १५५ मीटरपर्यंतच्या व्यक्ती आणि वाहने त्यांत स्पष्ट दिसावीत, अशी अपेक्षा आहे. लगेच पुढचा नियम १०६ झोताला लगाम घालतो. दिव्यापासून ८ मीटरवर, उजवीकडे अर्ध्या मीटरवर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपवणार नाही, इतका झोत खाली वळलेला हवा. स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट पुढे बसवायला नोंदणी अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. जीपच्या टपावर एलईडीच्या पट्ट्या मिरवणाऱ्यांनी हे वाचलेले नसावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अशा किरकोळ नियमभंगाला पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि त्यानंतर १५०० रुपयांपर्यंत दंड आहे. वाहनात परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला मात्र प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

या विषयात नगरचे एक वेगळेपण आहे. वाहननगर येथील व्हीआरडीई ही संरक्षण खात्याची संस्था, केंद्रीय नियमांनुसार वाहनांच्या नमुन्यांची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्या देशातील मोजक्या संस्थांपैकी एक आहे. अशा चाचण्यांतून गेलेली हेडलाइटची रचना बाजारातल्या दुकानात पाच मिनिटांत मोडीत काढली जाते, हा विरोधाभास कोणालाही खटकावा.

ती मोडीत निघते कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. बऱ्याच मोटारींत एच-४ जातीचा हॅलोजन बल्ब असतो. त्याच्या पोटात दोन तारा असतात. अप्परची ६० वॅटची आणि डिपरची ५५ वॅटची. डिपरच्या तारेखाली धातूची एक चिमुकली वाटी असते. ती खालचा उजेड अडवते आणि म्हणूनच झोताला वरची स्वच्छ कड मिळते. मागचा चकचकीत आरसा या तारेच्या नेमक्या जागेसाठी आखलेला असतो. तार मिलिमीटरभर सरकली तरी झोत बिघडतो. त्या जागी स्वस्त एलईडी बल्ब खोचला की उजेड वेगळ्याच बिंदूपासून, वेगळ्याच आकारात निघतो. भिंतीवर तो पांढराशुभ्र दिसतो, मालक खूश होतो. रस्त्यावर मात्र त्यातला बराच उजेड वर आणि बाजूला सांडतो. समोरच्याला झळ लागते आणि दूरचा रस्ता पूर्वीपेक्षाही कमी दिसतो. कंपनीकडूनच एलईडी दिव्यांसह आलेल्या गाड्यांचा प्रश्न वेगळा. त्यांची भिंगे आणि आरसे मुळातच एलईडीसाठी आखलेले असतात.

१००/९० वॅटच्या बल्बचा धोका तर हाताला जाणवतो. १२ व्होल्टवर ६० वॅटचा बल्ब ५ अँपिअर घेतो, १०० वॅटचा सव्वाआठच्या पुढे. वायरमध्ये निर्माण होणारी उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे जवळपास पावणेतीनपट. मूळ वायरिंग, होल्डर आणि स्विच त्यासाठी बनवलेले नसतात. आधी होल्डर तपकिरी होतो, मग वितळतो, आणि शेवटी कॉम्बिनेशन स्विच जळून एखाद्या रात्री दोन्ही दिवे एकदम जातात.

झोत जुळवणे

बल्ब न बदलता उजेड सुधारण्याचा बिनखर्ची उपाय म्हणजे झोताची उंची तपासणे. सपाट जागी, भिंतीपासून बरोबर ५ मीटरवर गाडी उभी करावी. टायरमध्ये योग्य हवा असावी, चालकाच्या जागी कोणी बसलेले असावे, डॅशबोर्डवरची दिव्याची चकती शून्यावर असावी. प्रत्येक हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खडूने खूण करावी. सामान्य मोटारीत डिपरची वरची कड या खुणेच्या ५ सेंटिमीटर खाली पडायला हवी. म्हणजे दर मीटरला एक सेंटिमीटरचा उतार. आपल्याकडे वाहतूक डावीकडून असल्याने ही कड डाव्या बाजूला थोडी वर चढत जाते. तो दोष नसून कडेचे पादचारी दिसावेत यासाठीची सोय आहे. दिव्यामागचे स्क्रू फिरवून उंची आणि आडवी दिशा जुळवता येते. बंपर किंवा सस्पेन्शनचे काम झाल्यावर तर हे करावेच.

डॅशबोर्डवरच्या त्या चकतीकडे, म्हणजे ० ते ३ आकडे असलेल्या छोट्या चाकाकडे, बहुतेक मालकांनी कधी पाहिलेलेच नसते. मागे तिघे बसले आणि डिकी सामानाने भरली की गाडीचे नाक वर उठते. एका अंशाने जरी उठले, तरी ५० मीटरवर झोत सुमारे ८७ सेंटिमीटर वर जातो. शिर्डीहून सहकुटुंब परतणाऱ्या मोटारीचा डिपरही समोरच्याला अप्पर वाटतो, तो यामुळे. भार वाढेल तसा आकडा वाढवला की झोत खाली येतो.

बिघाड शोधताना

एक दिवा लागत नसेल तर थेट नवा बल्ब आणण्याआधी डावा-उजवा बल्ब अदलून पाहावा. दोष बल्बबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर बल्ब गेला. जागेवरच राहिला तर फ्यूज, होल्डर किंवा अर्थिंग पाहावे. अनेक गाड्यांत डाव्या आणि उजव्या दिव्याला स्वतंत्र फ्यूज असतो. अप्पर लागतो पण डिपर नाही, असे एकाच दिव्यात असेल तर एच-४ मधली एक तार तुटलेली असण्याचा संभव अधिक. दोन्ही बाजूंना तसेच होत असेल तर संशय कॉम्बिनेशन स्विचवर किंवा रिलेवर. तरीही दोन्ही बल्ब आधी काढून पाहावेत. एकाच दिवशी बसवलेले बल्ब मागेपुढे लवकरच जातात आणि पहिला गेलेला मालकाच्या लक्षात आलेला नसतो.

उजेड मंद पडणे ही सर्वांत फसवी तक्रार, कारण ती हळूहळू वाढते. हॅलोजन बल्बला मिळणारा दाब १० टक्क्यांनी घटला तर उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे मीटर असतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत, आणि दिवे लावलेले असताना बल्बच्या पिनांवर त्याहून अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त कमी असू नयेत. फरक अधिक असेल तर गंजलेले अर्थिंग, काळवंडलेला होल्डर किंवा झिजलेला स्विच यांपैकी काहीतरी वाटेत वीज खात आहे. इंजिनाचा वेग वाढवला की दिवे उजळत असतील, तर अल्टरनेटर, त्याचा पट्टा आणि बॅटरी तपासावी. खड्ड्यात दिवा लुकलुकत असेल तर बहुधा अर्थिंगचा बोल्ट सैल असतो. बल्ब वारंवार जात असतील तर दाब १५ व्होल्टच्या आसपास चढतो का, ते पाहावे. चार्जिंग नियंत्रित करणारा रेग्युलेटर बिघडला की असे होते.

नवा हॅलोजन बल्ब बसवताना त्याच्या काचेला बोट लावू नये, हे पाकिटावरही लिहिलेले असते. बोटाचा तेलकट डाग तापून काच त्या जागी कमकुवत होते. चुकून लागलेच तर स्पिरिटने पुसावे. फॉगलॅम्पच्या बाबतीत त्रास वेगळा असतो. तो खाली असल्याने चिखल, दगड आणि पाणी आधी त्याच्यावर येते. काच तडकते, पाणी शिरते, पिना हिरवट होतात. काही गाड्यांत पार्किंग दिवे लावल्याशिवाय फॉगलॅम्प लागतच नाहीत; म्हणून तो ‘बिघडला’ असे ठरवण्याआधी तेवढे करून पाहावे. हेडलाइटच्या आत पावसाळ्यात किंचित वाफ धरणे आणि दिवा तापल्यावर ती जाणे स्वाभाविक आहे. थेंब साचून ओघळत असतील तर मागचे रबरी झाकण किंवा सील निकामी झालेले असते. ते वेळीच बदलले नाही तर आतल्या आरशाचा मुलामा उडतो, आणि मग कितीही चांगला बल्ब घातला तरी फरक पडत नाही.

जुन्या गाड्यांची काच खरी काच होती. आता तेथे पॉलिकार्बोनेट असते आणि उन्हात वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या मोटारीची ती पिवळी, धुरकट होते. टूथपेस्टने घासल्यावर येणारी चमक काही दिवसांत जाते. पाण्यासोबत आधी १००० आणि मग २००० क्रमांकाच्या सँडपेपरने घासून, पॉलिश करून वर अतिनील किरणांपासून संरक्षण देणारा लेप दिला तर काम टिकते. आणि घासण्याइतकेच महत्त्वाचे म्हणजे रोज पुसणे. कालव्याच्या पट्ट्यात एका रात्रीच्या प्रवासात हेडलाइटवर आणि पुढच्या काचेवर किड्यांचा थर बसतो. समोरच्याचा झोत ‘फार’ लागतो अशी तक्रार करणाऱ्यांची पुढची काच आतून एकदा ओल्या फडक्याने पुसून पाहावी. फडक्यावर निघणारा तेलकट थर बरेच काही सांगतो.

वाटेत दिवा गेला तर

रात्री आडरस्त्यावर फ्यूज गेला तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवण्याची जुनी युक्ती अजून सांगितली जाते. ती करू नये. फ्यूज जायचे थांबते आणि वायर जळू लागते. तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज रेडिओ किंवा सिगारेट लायटरच्या जागेवरून काढून वापरता येतो. रिलेवर संशय असेल आणि हॉर्नचा रिले त्याच क्रमांकाचा असेल, तर तो तात्पुरता बसवून पाहता येतो. दोन्ही डिपर गेले आणि अप्पर तेवढा शिल्लक असेल, तर समोर वाहतूक असलेल्या रस्त्यावर अप्परने जाण्यापेक्षा फॉगलॅम्प व पार्किंग दिव्यांवर अगदी सावकाश जवळचा पेट्रोलपंप गाठून तेथे थांबावे.

एकच दिवा उरला असेल, तर तो कोणत्या बाजूचा आहे हे महत्त्वाचे. केवळ डावा दिवा चालू असलेली मोटार अंधारात समोरच्याला कडेने येणारी मोटारसायकल वाटते. तो तिच्या उजवीकडे रस्ता मोकळा आहे असे समजून आत घुसतो, आणि तेथे तर गाडीचा निम्मा भाग असतो. चालू बल्ब काढून उजव्या दिव्यात बसवायला पाच मिनिटे लागतात. त्यासाठी डिकीत एक जास्तीचा बल्ब, दोन-तीन फ्यूज, स्वच्छ फडके आणि टॉर्च एवढे असले म्हणजे पुरते. टॉर्चचे सेल मात्र अधूनमधून पाहावेत.